दहा खाली, पाच वर

१

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत ती स्वतः जाऊन पेटीत बसायची. पेटी म्हणजे दवाखान्याच्या आतल्या खोलीत बसवलेली एक छोटी बंदिस्त खोली. जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी जागा, भिंतींना करडा मऊ थर, जाडजूड दार आणि समोर दुहेरी काचेची एक खिडकी. दार लागलं की बाहेरचे आवाज तिथल्या तिथे संपायचे आणि माणसाला स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा ऐकू यायचं. काही पेशंट घाबरायचे. तिला मात्र ती जागा आवडायची. दिवसभरात कुणी काही मागत नाही अशी तेवढीच एक जागा होती.

लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. आसपासची माणसं तिला 'कानाच्या बाई' म्हणत, आणि रस्त्यात भेटली की उगाचच मोठ्यानं बोलत. तपासणी म्हटली तर सोपी होती. पेशंट पेटीत, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेबाहेर यंत्रापाशी ती. तिनं एक आवाज सोडायचा, पेशंटला ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, मग तिच्यासमोर यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की पुढचा आवाज दहा पायऱ्या खाली, म्हणजे आणखी बारीक. नाही लागला तर पाच वर. दहा खाली, पाच वर, असं करत करत त्या माणसाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज शोधायचा. आधी उजवा कान, मग डावा. दोन आवाजांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही, नाहीतर माणसं अंदाजानं दाबत सुटतात. आणि सगळं झालं की दार उघडून म्हणायचं, "झालं. या बाहेर." पेटीचं दार आतूनही उघडतं. पण इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं ते आपणहून उघडलं नव्हतं. सगळे मुकाट वाट बघत बसतात.

तर सकाळी यंत्र नीट चालतंय ना हे बघायला ती स्वतः आत बसायची आणि काउंटरवरची बाई यंत्र चालवायची. ह्या बाईला दवाखान्यात सगळे रेडिओ म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की कुलूप लागेपर्यंत बंद होत नसे.

त्या दिवशी ती आत बसली आणि डोळे मिटून वाट बघू लागली. झोप नीट झाली नव्हती. डोक्यात, उजव्या कानाच्या मागे, बारीकसं झर्र झालं आणि तिच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

हेडफोनमध्ये रेडिओचा आवाज आला. "अहो मॅडम, मी अजून काही सोडलंच नाही. एवढी कसली घाई?"

"चुकून दाबलं गेलं," ती म्हणाली.

तो झर्र कसला ते तिला ठाऊक होतं. गोळी सोडल्यापासून तो येत होता. फक्त एक गोष्ट तिला जराशी खटकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे झटके नजर इकडून तिकडे फिरवली की येतात, आणि आत्तापर्यंत तसेच येत होते. आत्ता तिचे डोळे मिटलेले होते आणि ती अजिबात हलली नव्हती.

२

बरीच वर्षं ती नैराश्यावरची गोळी घेत होती. गोळीनं तिला सावरलं, ह्यात वादच नाही. अंथरुणातून उठवलं, कामावर धाडलं, नवऱ्याशी चार शब्द बोलायला लावले. गोळीला नावं ठेवणाऱ्यांचा तिला रागच यायचा. पण गेल्या वर्षी आई गेली, आणि हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला आलेल्यांना ती पाणी देत राहिली. धाकटी बहीण गळ्यात पडून रडली, तेव्हा ही तिची पाठ थोपटत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "ताई, तू दगड आहेस," असं बहीण तेव्हा म्हणाली आणि नंतर तिनं माफीही मागितली. माफीची काही गरज नव्हती. दगडच झाला होता तिचा. आईसाठी एकदा मनापासून रडता यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठीच डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तशी थोडी थोडी कमी करत तिनं गोळी सोडली होती.

सोडल्यावर कळलं की हे प्रकरण सोपं नाही. चालताना जमीन एखादं पाऊल मागेपुढे व्हायची. अन्नाचा वास नको व्हायचा. स्वप्नं इतकी लांबलचक पडायची की सकाळी उठल्यावर दिवसभर काम करून आल्यासारखं वाटायचं. डोळ्यांत पाणी यायचं, पण भलत्याच ठिकाणी: कपड्यांच्या साबणाची जाहिरात, रस्ता ओलांडणारं कुत्रं, बूट पुसणारा एक अनोळखी माणूस. आईचा फोटो समोर धरला की मात्र डोळे कोरडे ठणठणीत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते झटके. डॉक्टर म्हणाले होते, "बऱ्याच जणांना येतात. शरीराला सवय मोडायला वेळ लागतो. अगदीच झेपेनासं झालं तर मला सांगा. थोडी परत सुरू करू आणि आणखी सावकाश कमी करू. हट्ट करू नका." म्हणून एक पाकीट तिच्या पर्समध्ये पडून होतं.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याच्या बाहीला कायम कुठला तरी रंग असे. त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"तू माझ्यावर आदळआपट करतेयस की भांड्यांवर?"

"दोघांवर. रांगेत उभा राहा."

तो हसला, पण तिच्या हाताकडे बघत राहिला. "हे काय करतेस गं मघापासून? अंगठ्यानं?"

तिलाही तेव्हाच कळलं. साबणाच्या फेसात तिचा अंगठा पहिल्या बोटावर दाबला जात होता. "झटका आला की दाबते," ती म्हणाली. "पेशंट बटण दाबतात ना, तसं. ऐकला म्हणून सांगायचं आणि सोडून द्यायचं. त्यानं बरं वाटतं रे. खरंच कमी होतोय तो."

"पण सांगतेस कुणाला?"

"डोक्याला. आणखी कुणाला सांगणार?"

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि फडकं घेऊन भांडी पुसायला लागला. आपण बोलता बोलता काय विचारून गेलो हे त्याच्या गावीही नव्हतं. तिला पुढे कितीतरी दिवस ते आठवत राहिलं.

३

तो सुतार तिच्याकडे आला तेव्हा झटके बरेच बारीक झाले होते. सुतार आता थकला होता, मुलगा कारखाना बघायचा. जन्मभर लाकूड कापायच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यामुळे त्याला चढ्या पट्टीचे, किनरे आवाज ऐकू येत नव्हते. "पाखरं ऐकू येत नाहीत बाई," तो म्हणाला. "आहेत ना अजून?"

"आहेत काका. बसा आत."

तिनं दार लावलं आणि यंत्रापाशी बसली. हात यंत्राच्या कडेआड ठेवायची तिची जुनी सवय होती. आवाज सोडताना मनगट हललेलं दिसलं की लबाड पेशंट त्यावरूनच दाबतात. सुतार लबाड नव्हता. खाली मान घालून, डोळे बारीक करून तो जीव ओतून ऐकत होता. दिवा लागला, ती दहा खाली गेली. नाही लागला, ती पाच वर आली. चढ्या पट्टीच्या आवाजांवर आल्यावर दिवा लागेचना. ती वर वर जात राहिली.

मध्ये ती थांबली, नाक पुसायला. यंत्रावरून हात काढलेला होता. तेव्हाच उजव्या कानामागे झर्र झालं, अगदी हलकं, आणि समोर हिरवा दिवा लागला.

असं होतं. माणसं उगाच दाबतात, कानात आधीच कसला तरी आवाज असतो, कंटाळा आलेला असतो. हे सगळं तिनं नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. सुतार वाट बघत होता. मग पुन्हा झर्र झालं, आधीच्यापेक्षा पुसट, आणि पुन्हा दिवा लागला.

तिनं जाऊन दार उघडलं. "काका, आत्ता काय ऐकलंत तुम्ही?"

"चुकलं का?"

"नाही हो. नुसतं विचारतेय."

सुतारानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "बारीक होतं काहीतरी. पाखरासारखं. पण ह्यातून नाही आलं ते." त्यानं काचेकडे, तिच्या खुर्चीच्या दिशेनं बोट केलं. "तिकडून आलं."

"काच दुहेरी आहे काका. तिकडचं काही आत येत नाही."

"नसेल येत," तो समजूतदारपणे म्हणाला. "वय झालं आता."

तिनं त्याला नेहमीचं सगळं नीट समजावून सांगितलं आणि पाठवून दिलं. मग खुर्चीत बसली. खुर्ची तिचीच होती, पाठीची उशी तिनंच घरून आणलेली. तरी तिला तिथे टेकून बसवेना.

४

फोनवर डॉक्टर खुशीत होते. "कमी होतायत ना? मग झालं तर. उजव्याच बाजूला येतात म्हणता? येऊ शकतं तसं. लक्ष देऊ नका फार."

लक्ष न देणं हे तिच्या रक्तात नव्हतं. लक्ष देण्याचाच तिला पगार मिळायचा. रविवारी दुपारी नवरा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडला होता आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. झटका आला. अंगठा दाबला. पुढचा आला तो आणखी पुसट होता, इतका की घडी घालायचं थांबवून कान द्यावा लागला. अंगठा दाबला. त्यानंतरचा आला की नाही हेच तिला सांगता येईना. म्हणून अंगठा तसाच राहिला. मग आला तो थोडासा मोठा होता.

हातात नवऱ्याचा शर्ट तसाच धरून ती पलंगावर बसली.

दाबलं की बारीक होतो. बराच बारीक. नाही दाबलं की वाढतो, पण थोडासाच. आणि दोन झटक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. कधी लगेच, कधी ताटकळत ठेवून. अंदाज येऊ नये म्हणून कुणीतरी मुद्दाम ठेवावं तसं.

तिला हसू आलं, थोडं भीतीचं, थोडं खरं. जन्मभर एकच काम करणाऱ्या माणसाचं हे असंच व्हायचं. नवरा रस्त्यावरच्या फलकांवरची नाकं दुरुस्त करत चालतो. शिंप्याला सगळ्यांचे खांदे दिसतात. डोकं दमलेलं आहे, झोप अर्धवट आहे, गोळी सुटलेली आहे, त्यात ओळखीचा नमुना दिसला तर नवल काय? हे सगळं तिनं मनाशी नीट, सावकाश मांडलं. त्यात कुठे चूक सापडत नव्हती.

पण मग दुसरा विचार आला. इतके दिवस ती म्हणत होती की बटण दाबायच्या युक्तीनं मला बरं वाटतंय. सगळ्यांना म्हणत होती. दुसऱ्या कुठल्या बाईनं कपाळ चोळलं असतं, देवाचं नाव घेतलं असतं, शिवी दिली असती. हिनं उत्तर दिलं होतं. पहिल्या दिवसापासून, न चुकता, प्रत्येक वेळी. इतकी शहाणी पेशंट तिला स्वतःला कधी मिळाली नव्हती.

"काय झालं?" वर्तमानपत्राखालून नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. झोप तू."

५

उत्तर द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं.

न ऐकल्याचं नाटक करणारी माणसं तिच्याकडे यायची. कुणाला नको असलेली बदली चुकवायची असायची, कुणाला घरच्यांना धडा शिकवायचा असायचा. त्यांना पकडणं सोपं होतं. काही करायचं नाही, आवाज शांतपणे वाढवत जायचा. हात आवरता येतो, पण कधी ना कधी पापणी लवतेच. हे तिला माहीत होतं, आणि तरी ती दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती.

पाच वर. मग पाच वर. घाई कसलीच नव्हती. सुरुवातीला ती त्याकडे दुर्लक्ष करून नवऱ्याशी बोलत होती. तो गॅसपाशी चहा करत शाळेतल्या मुख्याध्यापकाची नक्कल करत होता. मग तिला त्याचं बोलणं तुटक ऐकू यायला लागलं. मग दात शिवशिवायला लागले. त्यानं कप पुढे केला, तिनं हात काढून धरला, तेवढ्यात पुढचा आला, आणि कप फरशीवर फुटला. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे पांढरं झालं होतं.

"अगं, पुरे आता," नवरा म्हणाला. "घे ती गोळी. मी हात जोडतो तुला. नाही रडलीस आईसाठी तर काय बिघडलं? आईला काय कळणार आहे?"

"मला कळतं."

"मला तू हवी आहेस. रडणारी, न रडणारी, कशीही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. तिला त्याची फार कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. दमली होती ती. इतकी दमली होती की कोण विचारतंय आणि का विचारतंय ह्याच्याशी तिला काही देणंघेणं उरलं नाही. तिनं अंगठा दाबला. पुढचा झटका आला तो सोसवेल इतका होता. तिनं पुन्हा दाबलं.

त्यानंतर तिनं हट्ट केला नाही. येईल तो ऐकायचा, दाबायचा. थोड्याच दिवसांत झटके इतके पुसट झाले की पंख्याच्या वाऱ्यातसुद्धा हरवायचे. आणि एके दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिला भूक लागली. जमीन जागेवर राहिली. नवऱ्यानं सारखं "कशी आहेस?" विचारायचं सोडलं, म्हणजे त्यालाही पटलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातला खण आवरताना तिला तो साचा सापडला. कानात यंत्र बसवायचं तर आधी कानाचा ठसा घेऊन त्याचा मऊ साचा बनवतात. हा आईच्या डाव्या कानाचा होता. ठसा तिनंच घेतला होता. तेव्हा आई खुर्चीत ताठ बसून म्हणाली होती, "लहानपणी तू माझ्या कानात कुजबुजायचीस ना, आता फेड." अंगठ्याएवढी ती वस्तू तिनं तळहातावर घेतली. तिच्यावर आईच्या कानातलं प्रत्येक वळण, प्रत्येक खाच उमटलेली होती. मूठ मिटली, आणि आतून काहीतरी सुटलं. ती खणासमोर जमिनीवर बसली आणि रडली. तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत, लहान पोरीसारखी रडली. रेडिओ धावत आली, काही न बोलता शेजारी बसली. रेडिओ गप्प बसलेली त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिली.

घरी सांगितल्यावर नवऱ्यानं तिला जवळ घेतलं. "रड," तो म्हणाला. "अजून रड. हक्काचं आहे."

तिनं बहिणीला फोन केला. दोघी खूप वेळ बोलल्या, मध्ये मध्ये नुसत्याच रडल्या. फोन ठेवला तेव्हा तिला वाटलं, मिळालं. हवं होतं ते मिळालं. आता काही नको.

आणि मग डाव्या कानामागे झर्र झालं. चांगलं मोठं, स्पष्ट.

पहिला आवाज नेहमी मोठाच सोडतात. कशाची वाट बघायची ते पेशंटला कळावं म्हणून.

६

सकाळी ती पेटीत बसली. कोटाच्या एका खिशात गोळ्यांचं पाकीट होतं आणि दुसऱ्या खिशात साचा. रात्री नवऱ्याला ती काही बोलली नव्हती. कितीतरी महिन्यांनी तो घोरत झोपला होता.

काचेबाहेर रेडिओनं यंत्र सुरू केलं. आवाज आले, तिनं दाबले. यंत्र ठणठणीत होतं. डाव्या कानाचे निम्मे झाले आणि रेडिओनं मान वळवली. बाहेर काउंटरवर फोन वाजत असणार. रेडिओनं हातानं 'आले हं' अशी खूण केली आणि उठून गेली. मधलं दार उघडंच राहिलं. त्यातून पलीकडे काउंटरपाशी तिची पाठ दिसत होती, कानाला फोन, दुसरा हात हवेत.

डावीकडे झर्र झालं. रात्रभरात ते बरंच खाली आलं होतं. रात्री तिचा अंगठा उत्तरं देत राहिला होता, झोपेतसुद्धा.

तिनं हेडफोन काढला आणि मान वर करून काचेकडे बघितलं. काच दुहेरी असल्यामुळे तिच्यात नेहमीच तिचं स्वतःचं पुसट प्रतिबिंब दिसायचं, एकावर एक दोनदा, थोडं सरकलेलं. आत्ताही दिसत होतं: पांढरा कोट, खांदे, कपाळ. ते तिचंच होतं. पण त्याच्या मागे तिची खुर्ची रिकामी असायला हवी होती, आणि खुर्चीच्या पाठीची उशी दबलेली होती. यंत्राच्या कडेआड एक मनगट टेकलेलं होतं. बोटं दिसत नव्हती. दिसू नयेत अशीच ठेवलेली होती. त्या मनगटाच्या वर कुठे डोकं होतं का, चेहरा होता का, हे दिव्याच्या उजेडात कळत नव्हतं, आणि कळावं असं तिला वाटलंही नाही. एवढं मात्र कळलं की जे कुणी बसलं होतं ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. ते तिच्या बटणावरच्या अंगठ्याकडे बघत होतं. ती स्वतः तशीच बघायची.

मनगट किंचित हललं. डावीकडे झर्र झालं.

दार आतूनही उघडतं. हाताच्या अंतरावर होतं. उठून उघडलं असतं तर एका पावलात सोक्षमोक्ष लागला असता. इतक्या वर्षांत एकही पेशंट का उठला नाही हे तिला आत्ता समजलं. आतल्या माणसाला वाटत असतं की दार उघडणं हे बाहेरच्याचं काम आहे.

तिनं उजव्या खिशातून पाकीट काढलं. एक गोळी. आज एक, उद्या एक, आणि थोड्या दिवसांत हे सगळं ऐकू येईनासं होईल. तिला खात्रीच होती. इतकी वर्षं हे कधी ऐकू आलं नव्हतं ते काय उगीच? कुणी विचारत नव्हतं असं थोडंच होतं. डॉक्टर रागावणार नाहीत, नवरा तर हात जोडून म्हणतच होता. फक्त दुसऱ्या खिशातला साचा मग पुन्हा नुसता साचा होईल. तिनं तो बाहेर काढून दुसऱ्या तळहातावर ठेवला. बघितल्याबरोबर डोळे भरून आले. आई खुर्चीत ताठ बसली होती, आता फेड म्हणत होती. गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

डावा कान व्हायचा राहिलाय, तिनं मनाशी म्हटलं. डावा झाला की दार उघडतात.

तिनं पाकीट परत खिशात टाकलं. साचा मुठीत धरला, दुसऱ्या हातात बटण घेतलं. पलीकडे काउंटरपाशी रेडिओ पाठमोरी उभी राहून कशाला तरी हसत होती, आणि ते हसणं काचेतून ऐकू येत नव्हतं. काहीच ऐकू येत नव्हतं. मग डावीकडे, खूप आत, झर्र झालं. तिनं बटण दाबलं.

पुढचा आला तो इतका बारीक होता की असेल नसेल असं वाटलं. तरी तिनं दाबलं. मग ती श्वास रोखून बसली, पुढचा चुकू नये म्हणून.